मोतीरामचा टर्बो, व्याह्यांचा हॉर्न

केळं गाडीतच पिकलं की ते केळं राहत नाही. त्याची तक्रार होते, आणि तक्रारीजवळ मोबाइल असतो.

नारळाला तीन डोळे असतात. त्या दिवशी तिन्ही मिटलेले होते.

गुलाबी फेटा, नऊ मीटर. लग्नात व्याह्यांनी बांधलेला, मग ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांशेजारी झोपलेला.

बोअर मारणाऱ्या गाडीला कुठे जायची घाई नसते. ती एका जागी उभी राहते आणि खाली जाते.

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, मांडे भाजायचे तर खापर चुलीवर उपडं घालावं लागतं. सरळ ठेवलं तर ते नुसतं मडकं.

मिनिटाला एक लाख फेरे. बऱ्हाणपुरात इतक्या वेगाने फक्त दुसऱ्याची फजिती फिरते.

दोन हॉर्न. एक आखूड, एक लांब.

*

मोतीरामच्या घरात आधी गाडी आली, मग बायको, मग मुलगी. तिघींपैकी त्याचं ऐकणारी एकटी गाडी होती, आणि तीही घाटात नाही.

जैनाबादची केळी भरायची, पूल ओलांडून बऱ्हाणपूर मागे टाकायचं, निंबोल्यापर्यंत सपाटीवर ऐटीत जायचं आणि असीरच्या घाटाला लागलं की पहिल्या गिअरमध्ये जप करत चढायचं, असा तिचा बत्तीस वर्षांचा नेम. इंजिन जुन्या घडणीचं. जेवढी हवा आपसूक आत येईल तेवढीच घ्यायची, कुणाकडे मागायची नाही. मोतीरामलाही या गोष्टीचा अभिमान होता. मग व्याह्यांनी नवी गाडी घेतली.

लीलाधर देडतलाईचा. मोतीरामच्या रंजिताचा सासरा. सडपातळ, हळू बोलणारा, तोंडात कायम बडीशेप. त्याच्या गाडीला कंपनीतूनच टर्बो होता. म्हणजे सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुरावर एक चक्री फिरवायची, तिच्या जोरावर दुसरी चक्री फिरवायची, आणि त्या दुसऱ्या चक्रीने इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबायची. हवा जास्त, डिझेल जास्त, दम जास्त. दर आठवड्याला घाटाच्या तिसऱ्या वळणावर लीलाधरची गाडी मागून यायची, बाजूने सरकायची आणि पुढे जाताना दोन हॉर्न द्यायची. एक आखूड, एक लांब.

आखूड हॉर्नचा अर्थ मोतीरामने लावला होता: काय व्याही!

लांब हॉर्नचा अर्थ: बसाऽऽऽ असेच!

हे तो कुणाला बोलला नव्हता. शांताला सोडून. आणि शांताने ते ऐकून विचारलं होतं, "हॉर्नमधी तुम्हाले एवढं ऐकू येतं, मंग मी दळन आना म्हनते ते कसं नाही येत?"

*

नातवाच्या बारशाला देडतलाईत पंगत बसली होती. लीलाधरने मोतीरामच्या पानात आग्रहाने तिसरा लाडू टाकला आणि शेजारी टेकला.

"व्याहीबुवा, एक सांगू का? राग नका मानू. तुमची गाडी आता भंगारात द्या. माझी दुसरी गाडी दारात उभी हाये, तिच्यावर ड्रायव्हर टिकत नाही. घरचा मानूस बसला तर माझी चिंता मिटते."

कुणाही शहाण्या माणसाने लाडू संपवून होकार दिला असता. मोतीरामने लाडू पानात ठेवला.

"मी? तुमचा ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर कायले म्हनता. सांभाळा, म्हनतो."

"बत्तीस वर्सं स्वतःची किल्ली हाये माह्या खिशात."

"किल्ली हाये हो. पन गाडी चालते का?"

पंगत हसली. वाढपी हसला. पाळण्यातलं पोर हसलं असं नंतर सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. मोतीराम पानावरून उठला, हात न धुता, आणि उष्ट्या बोटाने बोलला.

"आखाजीच्या आदल्या दिवशी दोघांची भरती जैनाबादलेच हाये ना? संगं निघू. भरती सारखी, वाट सारखी. घाटावर तुमच्या मांगे पोचलो तर गाडी भंगारात, किल्ली तुमच्या हातात, अन् मी तुमचा ड्रायव्हर. अन् पुढे पोचलो तर—"

"तर काय?"

"तर मले पाहून जन्मात हॉर्न वाजवायचा नाही."

लीलाधर बडीशेप चघळायचा थांबला. खरोखर विचारात पडला.

"मी वाजवतो का हॉर्न?"

इतका मोठा अपमान मोतीरामचा आजवर कुणी केला नव्हता.

मांडीवर बाळ घेऊन बसलेली रंजिता तेवढं एक वाक्य बोलली. "आबा, मले याच घरात राहायचं हाये हो." ते कुणी मनावर घेतलं नाही. बाप्या माणसांची पैज लागली होती.

*

सिंधीपुऱ्यात कडू मिस्त्रीचं गॅरेज आहे. आजूबाजूला कापडाचे लूम दिवसभर खडखडतात, त्यामुळे कडूला कमी बोलायची आणि मोतीरामला कमी ऐकायची सवय.

कडू म्हणाला: "भौ, या इंजिनाले टर्बो बसतो, पन मापाचा पाहिजे."
मोतीरामने ऐकलं: बसतो.

कडू म्हणाला: "बोअरच्या गाडीचा मोठा पडतो. दम यायले वेळ लागीन."
मोतीरामने ऐकलं: मोठा.

कडू म्हणाला: "तेलाची लाइन नवी घ्या. त्याच्या बेअरिंगले तेल नाही भेटलं तर खेळ खतम."
मोतीरामने ऐकलं: जुनी चालेल.

कडू म्हणाला: "अन् एअर फिल्टर. त्याच्या तोंडात कचरा गेला नाही पाहिजे. एक खडा पुरे."
मोतीरामने ऐकलं नाही. तो शिटी ऐकत होता. कडूने हाताने फिरवलेल्या त्या चक्रीचा बारीक, गोड आवाज.

असा तो टर्बो भंगारातून आला. आला तो बोअरच्या गाडीवर कमावलेला, सातपुड्यातल्या पाचशे कोरड्या बोअरचा अनुभव घेऊन. कडूने लोखंडी पट्ट्या जोडून त्याला इंजिनाच्या कडेला लटकावलं. दाब दाखवणारं घड्याळ मोतीरामने फवारणीच्या पंपावरून काढलं. त्यावर हिरवा पट्टा होता आणि शेजारी पानावरची अळी छापलेली होती. दाब बरोबर झाला की काटा अळीवर यायचा.

टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा न्यायला पाइप हवा होता. कडूने लोखंडी सांगितला. मोतीरामच्या शेतात ठिबकची मोठी नळी पडून होती.

"हवाच तर न्यायची, कडू. पानी सहन करते, तं हवा सहन नाही करनार?"

"हवा तापते, मोतीरामभौ."

"मंग उन्हातच तं पडेल व्हती दोन वर्सं. आदत हाये तिले."

पहिल्या चाचणीत नळी आधी मऊ झाली, मग सापाने बेडूक गिळावा तशी मधोमध फुगली, आणि मग एवढ्या मोठ्याने उडाली की आजूबाजूचे चार लूम बंद पडले. लूमवाले बाहेर आले. त्यांनी काळ्या धुरात उभे असलेले दोन काळे पुरुष पाहिले. एकाने विचारलं, "कौन गया?"

त्यानंतर लोखंडी पाइप बसला.

यातला बराचसा खर्च शांताला माहीत नव्हता. तिला तो कळला तेव्हा ती म्हणाली, "एवढा दम विकत भेटतो तं आधी सोतामधी भरून घ्या. जिना चढतानी किती धापा टाकता."

*

आता पूजा.

जैनाबादेत नवीन वस्तूला हळदकुंकू लागल्याशिवाय ती आपली होत नाही. सायकल असो, सबमर्सिबल असो. कुणाच्या तरी घरी इन्व्हर्टरलाही हार घातलेला आहे. टर्बोला कुंकू लागणार हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता की इंजिन बंद ठेवून की चालू ठेवून.

"बंद मशीनची पूजा म्हंजे मेल्याची पूजा," मोतीराम म्हणाला. हा नियम त्याने त्याच क्षणी तयार केला. खरं कारण असं की गल्लीतले चाळीस लोक जमले होते आणि त्यांना शिटी ऐकवायची होती. फिल्टर लावला की शिटी दबते, म्हणून फिल्टर बाजूला काढून ठेवला होता. तो आवळून बसवायची पकड आणायला कडू सिंधीपुऱ्याला गेला होता. निघताना दोनदा सांगून गेला होता, मी येईतो सुरू करू नका.

म्हणजे इंजिन चालू. टर्बोचं तोंड उघडं, वाटीएवढं. आत मिनिटाला लाखाच्या घरात फिरणारी पाती. आणि त्या तोंडासमोर मोतीराम, हातात नारळ.

दगड सापडेना. मोतीरामने टर्बो लटकवलेल्या पट्टीवरच नारळ हाणला. पाणी उडालं, टाळ्या वाजल्या, करवंटी फुटली.

टिंग.

फार लहान आवाज. चमचा वाटीला लागावा तेवढा.

"काही तरी वाजलं," शांता म्हणाली.

"देवाने नारळ घेतला," मोतीराम म्हणाला.

आणि शिटी बदलली. आधी सरळ होती ती आता थरथरायला लागली. कुणी म्हणालं, बासरी. कुणी म्हणालं, शहनाई. मोतीराम म्हणाला, सुरात आली. कडू परतला तो गल्लीच्या तोंडाशीच उभा राहिला. त्याने डोळे मिटून आवाज ऐकला आणि पकड खिशात घातली.

"भौ, टर्बो उघडू द्या. पात्याले काही तरी लागलं."

"आता? कुंकू ओलं हाये अजून!"

"दहा मिनिटं."

"पूजा झालेलं मशीन पाच दिवस उघडत नसतात, कडू. एवढं कळत नाही?"

हाही नियम ताजाच होता. पण चाळीस लोकांनी माना हलवल्या, आणि जुना नियम म्हणजे तरी आणखी काय असतं? आखाजी चार दिवसांवर होती. कडूने मुकाट्याने फिल्टर चढवला. चोर गेल्यावर कुलूप जसं नीट बसतं, तसा तो फार छान बसला.

*

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी दोन्ही गाड्या भरल्या. दहा-दहा टन हिरवी केळी, वर केळीचीच सुकी पानं, वर ताडपत्री. मोतीरामच्या गाडीच्या मागे नवी ओळ रंगवून आली होती: जळणाऱ्या, बाजूला हो. मोतीरामने ट्रंकेतून गुलाबी फेटा काढून बांधला. व्याह्यांनी बांधलेल्या फेट्यातच व्याह्यांच्या पुढे जायचं, असा त्याचा बेत. शेजारच्या सीटवर कडू. त्याने हातात एक पाना घट्ट धरला होता. इतका घट्ट की बहुधा पान्याने त्याला धरलं असावं.

सपाटीवर काही झालं नाही. टर्बो मोठा असल्याने मोतीराम पाय दाबायचा आणि मग वाट पाहायचा. विडी पेटवून होईतो दम यायचा. लीलाधर निंबोल्यातच पुढे गेला. हॉर्न न देता. ते मोतीरामला जास्त लागलं.

घाट सुरू झाला. पहिलं वळण. काटा अळीच्या शेपटीशी. दुसरं वळण. काटा अळीवर. "पाह्य, कडू, पाह्य! अळीवर आला!" शिटी आता शहनाई राहिली नव्हती. घशात हाड अडकलेल्या माणसासारखी ती ओरडत होती. मग कट्ट असा आवाज आला. मागे निळा धूर निघाला.

निळा धूर म्हणजे तेल. बेअरिंग गेलं की टर्बोत यायचं तेल पाइपातून इंजिनात शिरतं. आणि डिझेल इंजिनाला तेल आणि डिझेल यातला फरक समजत नाही, ते दोन्ही खातं. कडूला हे ठाऊक होतं. म्हणून तो ओरडला, "पाय काढा!"

मोतीरामने पाय काढला आणि

गाडी कमी झाली नाही वाढली पाय वर आहे आणि गाडी वर चालली आहे पहिला गिअर किंचाळला म्हणून दुसरा टाकला दुसरा किंचाळला म्हणून तिसरा आणि बत्तीस वर्षांत या घाटात ज्या गाडीने तिसरा गिअर पाहिला नव्हता ती आपलंच तेल पिऊन तिसऱ्यात धावतेय बंद करायची दोरी ओढा कडू म्हणतोय दोरी ओढली दोरी हातात आली तरी डिझेल बंद झालं आणि गाडी चालूच कारण तिला आता डिझेल नकोच आहे मागे असीरचा डोंगर निळा झाला फवारणीच्या घड्याळाचा काटा अळी ओलांडून पान ओलांडून काच फोडायला निघाला आणि समोर तिसरं वळण आणि वळणावर लीलाधरची गाडी आणि मोतीराम एकाच वेळी देवाचं नाव घेतोय आणि हसतोय कडू ब्रेक ब्रेक म्हणतोय आणि मोतीराम म्हणतोय आधी पुढे जाऊ दे मंग ब्रेक आणि बाजूला व्याह्यांच्या खिडकीत व्याह्यांचं तोंड उघडं बडीशेप दिसतेय बडीशेप सुद्धा दिसतेय आणि मोतीरामने हॉर्न दाबला एक आखूड एक लांऽऽऽब आणि गेला पुढे गेला खरंच गेला आणि थांबता येईना

माथ्यावर चहाच्या टपऱ्यांशी जागा सपाट झाली. दोघांनी मिळून ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण क्लच दाबलेलं इंजिन कोंडलेल्या रेड्यासारखं उधळलं. गिऱ्हाइकं कप घेऊन पळाली. कडूने खाली उडी मारली, बॉनेट उघडलं, पान्याने पकड तोडून फिल्टर उपटला.

"हवा बंद करा लागंन! कापड द्या! जाड!"

मोतीरामने इकडे तिकडे पाहिलं. कापड दिसेना.

"भौ! डोक्यावर!"

त्या अवस्थेतही मोतीरामचा हात क्षणभर अडला. मग नऊ मीटर गुलाबी फेटा कडूने टर्बोच्या तोंडात कोंबला. गाडीने पहिले चार मीटर गिळले. पुढचे दोन चावले. मग खोकली, मागेपुढे हादरली, आणि गप्प झाली.

फेट्याचा उरलेला शेमला बॉनेटमधून लोंबत होता.

*

लीलाधर सहा मिनिटांनी पोचला. सावकाश उतरला. गाडीभोवती एक फेरी मारली, फेट्याचं टोक बोटाने उचलून पाहिलं.

"हा मी बांधला होता ना?"

"मी पुढे आलो," मोतीराम म्हणाला. डोक्यावर फेट्याची रेघ उमटलेली, चेहरा निळाकाळा, केस उभे.

"आले ना. पाह्यलं मी."

"मंग बोला तसं, सगळ्यांसमोर."

"व्याही पुढे आले," लीलाधर टपरीवाल्यांना म्हणाला. त्यांनी मान डोलावली. मग त्याने देडतलाईला फोन लावून आपली दुसरी गाडी मागवली. ती येऊन केळी उचलेपर्यंत दुपार कलली, आणि वैशाखातल्या ताडपत्रीखाली केळ्यांनी जे करायचं ते केलं.

कडूने तिथेच टर्बो उघडला. पाच दिवस झाले नव्हते, पण आता देवाचीही हरकत नसावी. पात्यांपैकी तीन पात्यांची टोकं गेली होती. पाइपच्या वळणात तेलाच्या चिखलात काही तरी रुतलेलं होतं. कडूने ते पुसून मोतीरामच्या तळहातावर ठेवलं.

नखाएवढा करवंटीचा तुकडा.

मोतीरामने तो उलटा करून पाहिला. "देवाने परत दिला," तो म्हणाला, पण कुणी मान हलवली नाही.

इंजिन गेलं होतं. पिस्टन वितळून एका अंगाला झुकलेले, बनवून घ्यायला परवडणार नाही आणि भंगारवालाही विचार करून सांगेल असे.

*

आखाजी. रंजिता माहेरी आली होती. अंगणात लिंबाला झोका बांधला होता, बायका गाणी म्हणत होत्या, आणि गाण्यांत यंदा एक नवीन कडवं होतं ज्यात फेटा यायचा. मोतीराम घरात शिरला की ते हळू व्हायचं.

लीलाधरला जेवायला बोलावलं होतं. शांता खापरावर मांडे भाजत होती, हातावर झेलून झेलून मोठे करत. मोतीरामने पहिल्या घासापासून घाट सांगायला घेतला. तिसऱ्या वळणापर्यंत आला की तो पुन्हा दुसऱ्यावरून सुरू करायचा, कारण माथ्यावरचा भाग त्याला सांगायचा नव्हता.

लीलाधरने ऐकून घेतलं. मग खिशातून एक किल्ली काढून मोतीरामच्या ताटाशेजारी ठेवली.

"पैज तुम्ही जिंकली. मी हॉर्न वाजवनार नाही, शब्द हाये. ही किल्ली पैजेची नाही. गाडी नुसती उभी हाये."

"मी जिंकलो," मोतीराम म्हणाला.

"व्हय."

"मंग मी तुमचा ड्रायव्हर कायले?"

याचं उत्तर दारासमोर उभं होतं. विटांवर टेकलेलं, बॉनेट उघडं, त्यात कोंबडी बसलेली. सगळ्यांनी त्या बाजूला न पाहण्याची काळजी घेतली. फक्त रंजिताने पाहिलं, आणि मग बापाकडे.

"आबा," ती म्हणाली, "उचला. मले उद्या परत तिकळेच जायचं हाये."

"मांडा निवला," शांता म्हणाली. "जे करायचं ते गरम हाये तवर करा."

मोतीरामचा उजवा हात पुरणाने भरला होता. त्याने किल्ली डाव्या हाताने घेतली. अट एकच घातली: मागच्या फळीवर माझी ओळ लिहिणार. लीलाधर हो म्हणाला.

आता दर आठवड्याला मोतीराम लीलाधरच्या दुसऱ्या गाडीने असीरचा घाट चढतो. तिला कंपनीचा टर्बो आहे. तो शिटी वाजवत नाही, काम करतो. तिसऱ्या वळणावर कधीकधी मागून लीलाधर येतो, कारण मालकाची गाडी नवी आहे. बाजूने सरकतो. पुढे जातो. हॉर्न देत नाही. मोतीराम काच खाली करून कान देतो. दोन हॉर्नांचा अर्थ त्याने झटक्यात लावला होता. या गप्प जाण्याचा अर्थ त्याला अजून लावता आलेला नाही, आणि शांताला विचारायची सोय नाही.

टर्बो बसवण्यापूर्वी जुनी गाडी दहा टन केळी घेऊन असीरचा घाट एकतीस मिनिटांत चढायची, आणि तिच्यातली केळी पिकून उतरल्याची तक्रार बत्तीस वर्षांत एकदाही आली नव्हती.